बालकांसाठी ऑनलाइन निधिसंकलन : प्रकल्प नोंदी, ऑगस्ट ते डिसेंबर २०२५

४ ऑगस्ट २०२५

मुलांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेचा डिजिटल संवाद आणि ऑनलाइन निधिसंकलन यांची नव्याने घडी बसवण्याचे काम आजपासून सुरू झाले. मोठ्या आवाहनासाठी २० नोव्हेंबर हा दिवस निश्चित केला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८९ साली याच तारखेला बालहक्क संहिता स्वीकारली आणि जागतिक बालदिनही याच दिवशी पाळला जातो, त्यामुळे त्या सुमारास मुलांच्या प्रश्नांकडे लोकांचे लक्ष थोडे अधिक असते. तोवर छायाचित्रांचा संग्रह, देणगीचे पान, ईमेलची यादी आणि देणगी आल्यानंतरची व्यवस्था इतके सगळे मार्गी लावायचे आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी एक कसोटी सर्वांनी मिळून मान्य केली. आपण ज्या मुलाविषयी लिहितो किंवा ज्याचे छायाचित्र दाखवतो, ते मूल उद्या मोठे होणार आहे, स्वतःचे नाव शोधणार आहे आणि आपले पान वाचणार आहे. त्या वाचनाने त्याची मान खाली जाणार असेल, तर त्या मजकुरातून कितीही निधी जमला तरी तो मजकूर आपला नव्हे. संहितेच्या १६व्या कलमात मुलाच्या खासगी आयुष्याला आणि प्रतिष्ठेला संरक्षण दिले आहे. निधिसंकलनाच्या घाईत सर्वांत आधी विसरले जाते ते हेच कलम, म्हणून ते प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

११ ऑगस्ट

छायाचित्रांच्या संग्रहाची छाननी सुरू केली. हे काम कंटाळवाणे दिसते, पण सर्वाधिक धोके याच ठिकाणी दडलेले असतात.

एक उदाहरण नोंदवून ठेवतो. वही छातीशी धरून हसणाऱ्या मुलीचे एक सुरेख छायाचित्र आहे. खाली नाव बदलून लिहिले आहे, गावाचा उल्लेख नाही, म्हणजे वरवर पाहता सर्व नियम पाळलेले आहेत. चित्र मोठे करून पाहिले तेव्हा वहीच्या कव्हरवर शाळेचा शिक्का वाचता आला, मागच्या भिंतीवरच्या फलकाचा अर्धा मजकूर दिसला, आणि मूळ फाइलची माहिती उघडली तेव्हा छायाचित्र कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या अक्षांश-रेखांशांवर टिपले हेही मिळाले. मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्थाननोंदणी चालू असेल तर ही माहिती चित्राच्या फाइलमध्येच साठते. अनेक समाजमाध्यमे चित्र स्वीकारताना ती काढून टाकतात, मात्र आपल्याच संकेतस्थळावर मूळ फाइल जशीच्या तशी चढवली तर ती तशीच राहू शकते. बदललेल्या नावाचा आडोसा अशा वेळी काहीच कामाचा उरत नाही.

यापुढे प्रत्येक चित्र दोन टप्प्यांतून जाईल. संग्रहात येतानाच फाइलमधील स्थान, वेळ आणि उपकरणाची माहिती आपोआप पुसली जाईल. त्यानंतर एक माणूस ते चित्र पूर्ण आकारात पाहून गणवेशावरील चिन्ह, पाट्या, वाहनांचे क्रमांक आणि घराचा दरवाजा अशा ओळख पटवणाऱ्या गोष्टी तपासेल. दुसरा टप्पा यंत्रावर सोपवायचा नाही, कारण त्या वस्तीत राहणाऱ्याला एखादी भिंतसुद्धा ओळखू येते आणि ते भान माणसालाच असते.

संगणकाने निर्माण केलेले मुलांचे चेहरे वापरावेत, म्हणजे खासगीपणाचा प्रश्नच मिटेल, अशीही एक सूचना आली. ती मी नाकारली. जे मूल अस्तित्वातच नाही त्याच्या डोळ्यांतले पाणी दाखवून पैसे मागणे ही देणगीदाराची फसवणूक आहे. चेहरा दाखवायचा नसेल तर पाठमोरे चित्र, हातांचे चित्र किंवा मुलांनी स्वतः काढलेली चित्रे वापरता येतात, आणि ती पुरेशी बोलकी असतात.

१४ ऑगस्ट

संमतिपत्राचा नवा मसुदा पूर्ण झाला. यात पालकांची सही आणि मुलाचा स्वतःचा होकार या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. पालक तयार असूनही मूल मान हलवून नको म्हणत असेल तर विषय तिथेच संपतो. वापरही वेगवेगळे मांडले आहेत : छापील अहवाल, संकेतस्थळ, समाजमाध्यमे आणि पैसे मोजून दिलेली जाहिरात. अहवालातल्या छायाचित्राला होकार देणाऱ्या आईला तेच चित्र लाखो अनोळखी लोकांच्या मोबाइलवर फिरणार आहे याची कल्पना असेलच असे नाही.

समुपदेशन पाहणाऱ्या ताईंनी एक मोलाचा मुद्दा मांडला. "मदत ज्याच्या हातात आहे त्यानेच फोटो मागितला, तर नाही म्हणायची हिंमत कोणाला होणार?" असे त्यांनी विचारले. त्यामुळे ज्याच्या शिफारशीवर कुटुंबाला मदत मिळते त्या कार्यकर्त्याने संमती मागायची नाही, असा नियम केला. संमती मागणाऱ्याने प्रत्यक्ष पोस्ट कशी दिसेल, तिच्याखाली अनोळखी माणसे काय लिहू शकतात, हे छापील नमुन्यावर मुलाला दाखवायचे आणि मदत या होकारावर अवलंबून नाही हे सुरुवातीलाच सांगायचे. संमतीला मुदत राहील, आणि ती कधीही, कारण न देता, मागे घेता येईल.

१९ ऑगस्ट

आवाहनाची दिशा ठरवण्यासाठी दीर्घ चर्चा झाली. जमलेल्यांत दोन मते होती. एका बाजूचे म्हणणे असे की करुणा जागी झाल्याशिवाय खिशात हात जात नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की करुणेच्या नावाखाली आपण मुलांची दैना विकतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणून या प्रश्नाचा इतिहास थोडा समोर ठेवला.

मुलांसाठी निधी गोळा करण्याची आधुनिक पद्धत छायाचित्रापासूनच सुरू झाली, असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही. पहिल्या महायुद्धानंतर नाकेबंदीमुळे ऑस्ट्रियातील मुले उपाशी होती. १९१९ साली एग्लंटाइन जेब यांनी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात अशा मुलांचे छायाचित्र असलेली पत्रके वाटली, त्याबद्दल त्यांना अटक होऊन ५ पौंडांचा दंड झाला, आणि त्याच वर्षी 'सेव्ह द चिल्ड्रेन' ही संस्था उभी राहिली. पुढे त्यांनीच तयार केलेला बालहक्कांचा जाहीरनामा राष्ट्रसंघाने १९२४ साली स्वीकारला. छायाचित्राचा धक्का आणि हक्कांची भाषा या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या कामातून आल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्या चित्रामागे सरकारच्या धोरणाला विरोध होता, त्यात कारण सांगितलेले होते. नंतरच्या काळात अनेक आवाहनांतून कारण गळून गेले आणि केवळ उपाशी मूल तेवढे उरले.

दुसऱ्या बाजूला मानसशास्त्राचा पुरावा आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहभागी लोकांना ५ डॉलर देऊन त्यातून दान करण्याची संधी दिली होती. केवळ आकडेवारी वाचलेल्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, एका मुलीची ओळख करून दिलेल्यांनी २.३८ डॉलर दिले, आणि मुलीच्या ओळखीसोबत आकडेवारीही वाचलेल्यांनी १.४३ डॉलर दिले. एका मुलाचा चेहरा मन हलवतो, लाखोंची संख्या हलवत नाही आणि दोन्ही एकत्र ठेवले तर चेहऱ्याचाही परिणाम ओसरतो, असा याचा अर्थ.

या प्रयोगावरून 'रडवा आणि मिळवा' असा निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. प्रयोगात एका ओळखीच्या व्यक्तीची ताकद दिसते. ती व्यक्ती दीनवाणीच असली पाहिजे असे त्यातून कुठेच सिद्ध होत नाही. म्हणून निर्णय असा झाला : आवाहनात एकच मूल असेल, ते स्वतःच्या शब्दांत बोलेल, काहीतरी करताना दिसेल, आणि त्याच्या अडचणीचे कारण लपवले जाणार नाही. आकडेवारी गाळायची नाही, पण तिची जागा वेगळ्या पानावर, ज्याला अधिक जाणून घ्यायचे आहे त्याच्यासाठी.

२६ ऑगस्ट

ठरलेले कागदावर उतरवणे किती अवघड असते हे आज दिसले. एका लेखकाने दिलेला मसुदा असा होता : "वडिलांचे छत्र हरपलेली ही बिचारी चिमुकली आज तुमच्या मदतीकडे आशाळभूत नजरेने पाहत आहे. तुम्ही हात दिला नाही तर तिचे भविष्य अंधारात जाईल." यात मुलगी काहीच करत नाही, तिच्यासोबत सगळे घडत जाते. 'बिचारी', 'चिमुकली', 'आशाळभूत' हे शब्द तिच्या अंगावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसारखे आहेत, आणि दुसरे वाक्य तर वाचणाऱ्यावर अपराधाचे ओझे टाकते.

बदललेला मजकूर असा : "सहावीत असताना तिची शाळा सुटली, कारण धाकट्या भावाला सांभाळायला घरी दुसरे कोणी नव्हते. आता भाऊ पाळणाघरात जातो आणि ती पुन्हा वर्गात बसते. मागे पडलेले गणित भरून काढायला तिला अजून वर्षभर शिकवणीची गरज आहे. भागाकार आता जमतो, अपूर्णांक राहिलेत, असे ती सांगते." शाळा सुटण्याचे कारण कळते, उपाय कळतो, पैशांचा उपयोग कळतो आणि ती मुलगी अपूर्णांकांसह समोर उभी राहते. हा मजकूर तिला वाचून दाखवला. "अपूर्णांकातली बेरीज येते, फक्त गुणाकार राहिलाय," अशी दुरुस्ती तिने सुचवली आणि ती तशीच घेतली. संहितेच्या १२व्या कलमात मुलाचे मत विचारात घेण्याचा जो हक्क सांगितला आहे, तो आमच्या कामात असा रोजच्या रोज वापरता येतो.

दोन-तीन मुलांच्या हकिगती मिसळून एक गोष्ट केली असेल तर तसे स्पष्ट लिहायचे, आणि नाव बदलले असेल तर तेही सांगायचे, असे ठरले.

२ सप्टेंबर

रकमेसमोर काय लिहायचे यावर लेखापालांशी चर्चा केली. "या रकमेत एका मुलाचे वर्षभराचे शिक्षण" अशी ओळ आकर्षक असते, पण ती वाचून पैसे देणाऱ्याला आपण वचनच दिलेले असते. विशिष्ट कारणासाठी मागितलेला निधी त्याच कारणासाठी वापरणे बंधनकारक ठरते, आणि एखाद्या गोष्टीसाठी गरजेपेक्षा जास्त रक्कम जमली तर ती हलवता येत नाही. म्हणून प्रत्येक उदाहरणाच्या शेजारी 'अशा खर्चांसाठी' असे शब्द येतील आणि जास्तीचा निधी कोणत्या कामाला जाईल हे फॉर्मवरच लिहिले जाईल.

प्रशासकीय खर्चाचा विषयही निघाला. 'तुमची पूर्ण देणगी थेट मुलांपर्यंत' हे वाक्य वापरायचे नाही. शिक्षकाचे मानधन, समुपदेशक, हिशेबनीस आणि हे संकेतस्थळसुद्धा त्या मुलापर्यंत पोहोचण्याचाच रस्ता आहे. धर्मादाय संस्थांची माहिती देणाऱ्या अमेरिकेतील तीन प्रमुख संस्थांनी २०१३ साली देणगीदारांना उद्देशून खुले पत्र लिहून, केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेचे मोल ठरवू नका, असे सांगितले होते. आपण खर्च दडवायचा नाही आणि त्याची लाजही बाळगायची नाही.

९ सप्टेंबर

देणगीच्या फॉर्मची चाचणी घेतली. जुन्या फॉर्ममध्ये जन्मतारीख, व्यवसाय आणि 'आमच्याविषयी कोठे कळले' असे प्रश्न होते. देणगी स्वीकारायला आणि पावती द्यायला जे लागत नाही ते सर्व काढले. मासिक देणगीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवण्याचा प्रस्ताव फेटाळला. नकळत लागलेली मासिक देणगी खात्यातून पैसे गेल्यावर लक्षात येते आणि मग तो माणूस पुन्हा कोणत्याच संस्थेवर विश्वास ठेवत नाही.

दृष्टिहीन असलेल्या एका स्नेह्यांनी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, फॉर्म भरून दाखवला. रकमेच्या बटणांवर यंत्र नुसते "बटण, बटण, बटण" असे वाचत होते, कारण रक्कम चित्राच्या स्वरूपात होती. पुढे कार्डाचा क्रमांक चुकला तेव्हा चौकट लाल झाली, पण लाल रंग ऐकू येत नाही, त्यामुळे नेमके काय चुकले ते त्यांना समजलेच नाही. देण्याची पूर्ण इच्छा असलेला माणूस केवळ आपल्या मांडणीमुळे दारातून परत जात होता. विकासकाने दोन्ही अडचणी लगेच दूर केल्या. यापुढचे काम संकेतस्थळ दिव्यांगांनाही वापरता यावे यासाठीच्या वेब सुगमतेच्या २.२ आवृत्तीच्या निकषांवर, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकषांवर, तपासले जाईल : साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका रंगभेद, बोटाने दाबता येईल इतकी मोठी बटणे, आणि एकदा दिलेली माहिती त्याच प्रक्रियेत पुन्हा न विचारणे.

पानाचा वेगही पाहिला. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा हा गुगलचा निकष आहे. तो पाळण्यासाठी पानाच्या माथ्यावरचा आपोआप सुरू होणारा व्हिडिओ काढला. साध्या मोबाइलवर आणि मंद नेटवर्कवर त्या व्हिडिओचा काही उपयोग नव्हताच.

१६ सप्टेंबर

पैशांच्या सुरक्षिततेचा दिवस. कार्डाची माहिती आमच्या सर्व्हरवर येणारच नाही, ती थेट पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या, चौकटीत भरली जाईल, अशी रचना केली आहे. त्याच पानावर आपोआप चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टची, म्हणजे छोट्या कोडची, यादी करून ती का हवी हे लिहून ठेवले. कार्डव्यवहारांच्या पीसीआय मानकाच्या चौथ्या आवृत्तीने अशा स्क्रिप्टवर विशेष भर दिला आहे, कारण पानात घुसवलेली एखादी परकी स्क्रिप्ट कार्डाचे क्रमांक गुपचूप टिपू शकते. चॅटची खिडकी आणि जाहिरातींचे मोजमाप करणारी स्क्रिप्ट देणगीच्या पानावरून हटवली.

दुसरा धोका चोरीच्या कार्डांचा. चोरलेले कार्ड अजून चालते का हे पाहण्यासाठी भामटे धर्मादाय संस्थांचे फॉर्म निवडतात, कारण तिथे वस्तू पाठवायची नसते, पत्ता तपासला जात नाही आणि कितीही छोटी रक्कम चालते. यंत्राकरवी एकामागून एक शेकडो प्रयत्न होतात. नंतर खरे कार्डधारक तक्रार करतात, रक्कम परत द्यावी लागते आणि वर शुल्क बसते. उपाय म्हणून किमान रक्कम ठेवली, एका ठिकाणाहून ठरावीक वेळेत होणाऱ्या प्रयत्नांवर मर्यादा घातली आणि संशयास्पद गती दिसताच सूचना येईल अशी सोय केली.

पावतीची साखळीही तपासली. पैसे भरल्यावर आभाराचे पान उघडण्यापूर्वीच अनेक जण खिडकी बंद करतात किंवा नेटवर्क जाते. पावती त्या पानावर अवलंबून असेल तर पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, असे होते. म्हणून गेटवेकडून सर्व्हरला थेट येणाऱ्या संदेशावर, म्हणजे वेबहुकवर, पावती निघेल. तोच संदेश दोनदा आला तरी व्यवहाराचा क्रमांक पाहून पावती एकदाच जाईल. खिडकी मुद्दाम बंद करून, नेटवर्क तोडून चाचण्या घेतल्या आणि त्या समाधानकारक झाल्या.

२३ सप्टेंबर

आजचा निर्णय मला या संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या संकेतस्थळावर देणगीदारांसाठीची पाने आहेत, तशीच संकटात सापडलेल्या मुलांसाठीही आहेत : घरी मारहाण होत असेल तर काय करावे, कोणाशी बोलावे. जाहिरातींचे मोजमाप करणारा पिक्सेल, म्हणजे पानावर कोण आले याची नोंद जाहिरात कंपनीला पाठवणारा छोटा कोड, संपूर्ण संकेतस्थळावर बसवला की तो या पानांवरही चालतो. मूल मदत शोधायला येते, त्याची नोंद जाहिरात कंपनीकडे जाते आणि पुढे त्याच मोबाइलवर, जो कदाचित घरात सगळे मिळून वापरतात, आमच्या संस्थेच्या जाहिराती दिसू लागतात. ज्याच्या भीतीने मूल लपून वाचत होते, त्याच्याच हातात तो मोबाइल असू शकतो.

मुलांसाठीची पाने वेगळ्या उपडोमेनवर, म्हणजे संकेतस्थळाच्याच स्वतंत्र पत्त्यावर, हलवली. तिथे कोणताही मागोवा घेणारा कोड नाही, देणगीचे बटण नाही, आणि पान चटकन बंद करून दुसऱ्याच साध्या पानावर नेणारे बटण वरच्या कोपऱ्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ साली डिजिटल जगातील मुलांच्या हक्कांवर २५ क्रमांकाचे सर्वसाधारण भाष्य प्रसिद्ध केले. त्यात मुलांच्या माहितीवरून त्यांना जाहिरातींचे लक्ष्य करण्याविरुद्ध स्पष्ट भूमिका आहे. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेनेच ती पाळली नाही तर दुसऱ्या कोणाकडून अपेक्षा करण्याचा अधिकार आम्हाला राहणार नाही.

३० सप्टेंबर

ईमेलची यादी साफ केली. दीर्घकाळ एकही संदेश न पाहणाऱ्यांना एक शेवटचे पत्र पाठवून, उत्तर न आल्यास नावे वगळली. यादी लहान झाल्याने काहींना वाईट वाटले, परंतु फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. पाठवणाऱ्याची ओळख एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या ईमेलचा खरेपणा तपासणाऱ्या तांत्रिक पद्धतींनी सिद्ध व्हावी लागते, एका क्लिकवर यादीतून बाहेर पडता यावे लागते आणि स्पॅम म्हणून होणाऱ्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. नको असलेल्यांना पत्रे पाठवत राहिलो तर ज्यांना ती हवी आहेत त्यांच्याही स्पॅमच्या फोल्डरात जातील.

"आजच द्या, नाहीतर उशीर होईल" अशा विषयओळी टाळायच्या. उशीर खरोखरच होणार असेल तेव्हाच तसे लिहायचे.

१४ ऑक्टोबर

मोजमापाची पद्धत ठरवली. ईमेल किती जणांनी उघडले हा आकडा अहवालातून काढला. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये संदेशातील चित्रे आधीच आपोआप उतरवून घेण्याची सोय आली आणि त्यामुळे न वाचलेले पत्रही उघडल्यासारखे मोजले जाऊ शकते. त्याऐवजी दुव्यावरून आलेले, फॉर्म सुरू करणारे, तो पूर्ण करणारे आणि सहा महिन्यांनंतरही सोबत असणारे लोक मोजायचे. शेवटचा आकडा लगेच मिळत नाही, म्हणून तो सहसा मोजलाच जात नाही. मला मात्र तोच सर्वांत खरा वाटतो.

२८ ऑक्टोबर

पोस्टखालच्या प्रतिक्रियांची आणि खासगी संदेशांची जबाबदारी वाटून दिली. कोणी मुलाला ओळखून त्याचे खरे नाव किंवा पत्ता लिहिला तर ती प्रतिक्रिया तत्काळ लपवायची, तिची नोंद ठेवायची आणि बालसंरक्षण अधिकाऱ्याला कळवायचे. आवाहन पाहून एखादे मूलच मदत मागत लिहील, हीही शक्यता धरली आहे. त्याला ठरावीक उत्तर पाठवायचे नाही, गुपित राखण्याचे वचन द्यायचे नाही, आणि प्रशिक्षित व्यक्तीपर्यंत विनाविलंब पोहोचवायचे. मोहिमेच्या दिवशी रात्रीही कोणीतरी जागे असेल.

१२ नोव्हेंबर

रंगीत तालीम झाली. किरकोळ दुरुस्त्या सोडता सर्व व्यवस्थित.

२० नोव्हेंबर

सकाळी आवाहन प्रसिद्ध झाले. प्रतिसाद पहिल्या तासापासून चांगला होता. नव्या देणगीदारांत मासिक देणगी निवडणाऱ्यांचे प्रमाण अपेक्षेहून जास्त दिसले, आणि तेही चौकटीत आधी खूण नसताना, याचे मला विशेष समाधान आहे. पहाटे काही प्रयत्न संशयास्पद गतीने झाले, तेव्हा घातलेली मर्यादा कामी आली आणि ते तिथेच अडले.

दुपारी एका देणगीदारांचा फोन आला. मोठी रक्कम देण्याची त्यांची तयारी होती, पण त्या मुलीला प्रत्यक्ष भेटायचे आणि तिच्यासोबत छायाचित्र काढून आपल्या खात्यावर टाकायचे, अशी त्यांची इच्छा होती. त्यांचा हेतू वाईट नव्हता. ज्याला मदत केली त्याला पाहावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. तरीही नम्रपणे नकार दिला, कारण सांगितले, आणि शिकवणीच्या वर्गात काय चालते याचा सविस्तर अहवाल वर्षातून दोनदा पाठवू, असे कळवले. त्यांनी विचार करून सांगतो म्हटले. ही रक्कम आली नाही तरी चालेल, असे संचालकांनी लगेच सांगितले. असा पाठिंबा नसेल तर आमच्यासारख्यांनी आखलेली धोरणे कागदावरच राहतात.

२ डिसेंबर

आज 'गिव्हिंग ट्यूज्डे'. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला हा दानाचा दिवस आता अनेक देशांत पाळला जातो. नोव्हेंबरात ज्यांनी देणगी दिली त्यांच्याकडे आज पुन्हा काहीही मागितले नाही. त्यांना मुलांच्या वर्गातील कामाचे एक पत्र पाठवले, त्यात देणगीचे बटणही ठेवले नाही.

एका मुलाने आपले छायाचित्र काढून टाकावे असे कळवले. मित्र चिडवतात, एवढेच त्याने सांगितले, आणि तेवढेही सांगण्याची त्याला गरज नव्हती. संकेतस्थळ, समाजमाध्यमे, चालू जाहिराती आणि ईमेलमध्ये जोडलेली प्रत अशा सर्व जागा शोधून त्याच दिवशी चित्र हटवले. शोधयंत्रांकडे जुनी प्रत काढण्याची विनंती केली आणि छापील अहवालाच्या शिल्लक प्रतींचे वितरण थांबवले. इतरांनी जतन केलेल्या प्रती परत घेता येत नाहीत, हे त्याला आणि त्याच्या आईला न लपवता सांगितले. संमती घेतानाच हे वाक्य ठळकपणे सांगायला हवे, म्हणून ते संमतिपत्राच्या सुरुवातीला घातले.

१५ डिसेंबर

बँकेत जमा झालेली रक्कम, गेटवेचा अहवाल आणि आमच्या नोंदी यांचा ताळमेळ लेखापालांनी पूर्ण केला. गेटवेचे शुल्क वजा होऊन रक्कम येत असल्याने देणगीदाराच्या पावतीवर पूर्ण रक्कम आणि खर्चाच्या बाजूला शुल्क, अशी नोंद केली आहे.

मासिक देणग्यांपैकी काही पहिल्याच फेरीत अडकल्या. कार्डाची मुदत संपणे, खात्यात त्या दिवशी पुरेशी रक्कम नसणे, बँकेने व्यवहार नाकारणे अशी कारणे दिसतात. देणगीदाराने मन बदलले असे यातून समजायचे नाही. काही दिवसांच्या अंतराने पुन्हा प्रयत्न होईल, मुदत संपण्याच्या महिनाभर आधी साधे पत्र जाईल, आणि थांबायचे असेल तर फोन न करता एका बटणावर थांबता येईल. थांबणाऱ्याला कारण विचारणारा एकच प्रश्न असेल आणि तो सोडून पुढे जाता येईल.

पहिला अहवाल मे महिन्यात देणगीदारांना जाईल. ज्या वर्गांत उपस्थिती घटली आहे तेही त्यात येईल, हे वर्गाच्या शिक्षिकांशी बोलून ठरवले. मजकुराचा कच्चा आराखडा त्यांच्याकडे पाठवला असून मुलांची मते त्या जानेवारीत घेणार आहेत.